बटन नसलेली बत्ती

दिवाळीच्या आधी पांढुर्ण्याच्या जुन्या घराचा माळा रिकामा केला. मोडका पाळणा, पितळी हंडा, वाळवी लागलेल्या वह्या, आणि एका पोत्यात गुंडाळून ठेवलेली मोठेबाबांच्या दुकानातली गॅसबत्ती. काच फुटलेली, टाकीवरचं निकल उडालेलं, पण पंप अजून हलतो. पुण्याहून आलेल्या नातवानं ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "आबा, हिचं बटन कुठंय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री वाटलं, पोरानं चुकीचं काही विचारलं नाही. बटन दाबलं, खटका ओढला की आपोआप पेटणारे दिवे जगात फार आधीपासून होते. मग आमच्या बत्तीला ते का नव्हतं? मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण घरातल्या वस्तूबद्दल हा प्रश्न मला कधी पडला नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, मंडळी, सवडीनं वाचा. शेवटी एक गोष्ट आहे, ती मी आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती.

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सायकली आणि गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. बत्त्या चौदा होत्या. लग्नसराईत त्या सावरगाव, तिगाव, पार सौंसरपर्यंत जायच्या. गावात वीज आलेली होती, पण वरात काही विजेच्या खांबाखाली उभी राहत नाही, ती चालते. म्हणून डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, आणि तिच्या उजेडात नवरदेव.

तिला आपण 'गॅस' म्हणायचो, पण आत भरायचो घासलेट. मूळ कंपनी बर्लिनची. मालक माक्स ग्रेट्झ, त्याच्या नावातला 'मॅक्स' आणि पेट्रोलियममधला 'पेट्रो' मिळून पेट्रोमॅक्स झालं. पुढे कोणत्याही कंपनीची बत्ती असो, नाव तेच चिकटलं.

पेटवायची म्हणजे एक विधीच होता. टाकीत घासलेट. मग मेंटल, आम्ही त्याला जाळी म्हणायचो, ते बारीक पांढरं मोज्यासारखं कापड बर्नरला बांधायचं. मग नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची. नळी चांगली तापली की पंप मारायचा, टाकीत दाब तयार व्हायचा, घासलेट वर चढून तापल्या नळीत त्याची वाफ व्हायची आणि ती वाफ हवेत मिसळून जाळीत पेटायची. आधी भप्प, मग सूं सूं असा आवाज, आणि हळूहळू तो पांढराशुभ्र उजेड. घाई केली, नळी तापण्याआधीच पंप मारला, की वाफेऐवजी कच्चं घासलेट उसळायचं. पिवळी ज्वाळा छताकडे, जाळी काळी, काच तडकली. मोठेबाबा ओरडायचे, "पोट्ट्या, घाई नोको करू! स्पिरिट पह्यले, हवा मंग!"

आता नातवाच्या बटनाकडे येतो.

काडेपेटी पुरती रुळलेलीही नव्हती त्या काळात, 1823 मध्ये, जर्मनीतल्या येना गावात योहान डोबेरायनर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना दिसलं की प्लॅटिनम अगदी भुसभुशीत, स्पंजासारखं करून त्यावर हायड्रोजनचा झोत सोडला, की प्लॅटिनम आपोआप लाल होतं आणि वायू पेट घेतो. ना ठिणगी, ना काडी. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन सहज एकत्र येतात, त्यातून उष्णता निघते, त्या उष्णतेनं धातू तापतो आणि मग उरलेला वायू पेटतो. प्लॅटिनम स्वतः संपत नाही. त्यांनी लगेच टेबलावर ठेवायचा दिवा केला: काचेच्या भांड्यात पातळ गंधकाम्ल, त्यात लोंबता जस्ताचा तुकडा, वर नळी आणि खटका. जस्त आणि आम्लातून हायड्रोजन तयार होतो. खटका दाबला की तो प्लॅटिनमवर जातो, आणि दिवा पेटतो. त्यांनी यावर हक्क घेतला नाही, त्यामुळे अनेकांनी असे दिवे करून विकले. वर्गात मी उत्प्रेरक शिकवताना प्लॅटिनमचं नाव शेकडो वेळा घेतलं असेल. त्याचा असा एका दिव्यात वापर झाला होता, हे माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हतं आणि मीही पुढे जाऊन वाचलं नाही.

यानंतरचा गॅस म्हणजे नळातून येणारा. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला. आपल्याकडे मुंबईत तो 1865 मध्ये रस्त्यांवर आला. पहिल्या संध्याकाळी बत्तीवाले शिडी घेऊन खांबामागून खांब पेटवत निघाले तेव्हा त्यांच्या मागे बघ्यांची गर्दी चालत होती, अशी नोंद आहे. लालबागची गॅस कंपनी लेन अजून त्या कंपनीची आठवण ठेवून आहे.

या कोळशाच्या गॅसमध्ये जवळपास निम्मा हायड्रोजन असतो. म्हणजे डोबेरायनरची युक्ती इथे चालणार! आणि चालवलीही. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1885 मध्ये जाळीचा दिवा काढला. 1891 मध्ये थोरियमच्या ऑक्साइडमध्ये शंभरात एक भाग सेरियमचं ऑक्साइड मिसळून त्यांनी ती जाळी इतकी उजळ केली की तेच प्रमाण पुढे कायम राहिलं. त्यानंतर युरोपात आपोआप पेटणाऱ्या जाळ्या आल्या. जाळीजवळ प्लॅटिनमच्या भुकटीची एक छोटी गोळी, तिला केसासारख्या प्लॅटिनमच्या तारा. गॅसची चावी फिरवा, थोडं थांबा, गोळी लाल होईल आणि दिवा पेटेल.

बत्तीवाल्याचं काम त्याच वेळी संपायला हवं होतं. संपलं नाही. रोजच्या ज्वाळेत ती भुकटी भाजून घट्ट व्हायची आणि तिचा गुण जायचा. धूळ, गंधक यांनीही ती मरायची. आणि गोळी मेली तर काय? चावी उघडी, दिवा बंद, आणि गॅस खोलीत पसरतोय, त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड. काडी विसरलेला माणूस निदान अंधारात तरी बसतो. इथे पेटेल, पेटेल म्हणून वाट पाहणाराच धोक्यात. शेवटी रस्त्यांवर टिकल्या त्या साध्या युक्त्या: दिव्यात दिवसरात्र जळणारी बोंडाएवढी ज्योत, आणि चावी उघडायला खांबावर बसवलेलं किल्लीचं घड्याळ. काही शहरांत तर गॅस कारखान्यातूनच थोडा वेळ दाब वाढवायचे, त्या धक्क्यानं ओळीतल्या सगळ्या दिव्यांच्या झडपा उघडायच्या. जुन्या गॅस गीझरमध्ये ती कायमची छोटी ज्योत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल.

तर बाळा, तुझं उत्तर असं. आपोआप पेटायला आधी वायू लागतो. आमच्या बत्तीत वायू नव्हताच, घासलेट होतं. त्याची वाफ करायला आधी आग लागायची. म्हणजे आग लावण्यासाठी आग. तिथे प्लॅटिनमची गोळी बसवली असती तरी काही झालं नसतं. पुढच्या काही बत्त्यांना नळी तापवायला छोटा फुंकणारा बर्नर जोडून दिलेला असे, स्पिरिटची गरज नाही. पण त्यालाही पंप मारून काडी लावायचीच. आमच्या चौदांपैकी एकीलाही तो नव्हता.

एक गंमत मात्र सांगतो. जाळीसाठी थोरियम काढलं की सेरियमसारखे धातू ढिगानं वाया जायचे. 1903 मध्ये त्याच वेल्सबाखनी सेरियमच्या धातूंत लोखंड मिसळून असा खडा केला की घासला की ठिणग्या. सिगारेटच्या लायटरमधली चकमक ती हीच. आपल्या शेतातल्या म्हाताऱ्यांकडे गारगोटी, लोखंडाचा तुकडा आणि सावरीचा कापूस असायचा, त्याचीच ही नवी भावंडं. आणि ज्या वाळूतून थोरियम येई ती कुठली? पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची. शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाला ती म्हणे काथ्याला चिकटलेली सापडली. म्हणजे आपली वाळू जर्मनीला आणि जाळी होऊन परत पांढुर्ण्याला! स्वातंत्र्यानंतर थोरियमचं हे क्षार आपल्या तुर्भ्याच्या कारखान्यात होऊ लागलं. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं. आम्ही जळक्या जाळीची राख फुंकून उडवायचो, आत्ता आठवलं की अंगावर काटा येतो.

परासियाकडे कोळसा खाणीत आमचे एक मामा होते. ते सांगायचे की खाणीतला जाळीचा दिवा कुलूपबंद असतो. खाणीतल्या वायूपाशी उघडी ज्योत नेली तर स्फोट होईल, म्हणून. मग तो विझला तर? काही दिव्यांत आतच चकमकीचं छोटं चाक असे, बाहेरून फिरवायचं, दिवा न उघडता पेटायचा. मामा हे मोठेबाबांना सांगत होते. मोठेबाबा म्हणाले, "आमच्या बत्तीले असं चाक असतं तं बरं झालं असतं." मी तिथेच बसलो होतो. माझ्या छातीत धस्स झालं, कारण त्याच्या आधीच्या मे महिन्यात जे झालं ते मलाच माहीत होतं.

1969 ची लग्नसराई. मी बारा वर्षांचा. वरात सावरगावच्या बाजूला निघायची होती, जाम नदी कोरडी, ऊन अजून होतं. पाच बत्त्या पेटवायच्या होत्या आणि मोठेबाबा मांडवात पैशाचं बोलायला गेले. मला सांगून गेले, "काकाले मदत कर, स्पिरिटले हात लावू नोको." काका म्हणजे आमच्याकडे नेहमी बत्ती डोक्यावर वाहणारे एक गृहस्थ. नाव लिहीत नाही.

एका वाटीतलं स्पिरिट विझलं असं मला वाटलं. स्पिरिटची ज्योत निळी, जवळजवळ बिनरंगाची, उन्हात दिसतच नाही. मी बाटली घेतली आणि वर आणखी ओतलं. ज्योत धारेवरून बाटलीत चढली. मी घाबरून बाटली फेकली. ती काकांच्या हातावर गेली. ते खाली वाकून पलीकडच्या बत्तीची जाळी बांधत होते. मनगटापासून कोपरापर्यंत हात पेटला. त्यांनी स्वतःच ओलं पोतं गुंडाळलं. ओरडले नाहीत.

मोठेबाबा धावत आले. "कोनं केलं हे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच हातून सांडलं, मालक."

मी गप्प राहिलो. त्या रात्री त्यांनी दुसऱ्या हातानं बत्ती धरली आणि वरात नेली. स्पिरिटचे आणि एका काचेचे पैसे त्यांच्या मजुरीतून कापले गेले. मी पंगतीत बसलो, बुंदी दोनदा घेतली. बत्ती वाहणाऱ्यांची पानं, नेहमीप्रमाणे, सगळ्यांचं झाल्यावर मांडवाच्या बाहेर. आपल्या जुन्या लग्नांचे फोटो आपण इथे हौसेनं टाकतो, त्यात उजेड दिसतो, उजेडाखालचा माणूस क्वचितच दिसतो.

त्यांच्या त्या हाताची दोन बोटं नंतर सरळ झाली नाहीत. बत्ती वाहणं सुटलं. पुढे संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायच्या कामाला जायचे. रस्त्यात भेटले की "कसे आहात गुरुजी" म्हणायचे, कारण तोवर मी मास्तर झालो होतो. मी "बरं आहे काका" म्हणायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. 1994 मध्ये ते गेले. मोठेबाबा त्यांच्या आधी.

ही पोस्ट टाकण्याआधी मी त्यांच्या मुलाकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी, दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. त्याला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं की टाकू का.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टाका ना सर. बाबानं सांगतलं होतं आमाले. म्हने, पोट्टं लहान होतं, मार खाल्ला असता त्यानं."

म्हणजे सहावी ते दहावी, पाच वर्षं, समोरच्या बाकावर बसून तो हे जाणत होता.