गरम पाणी आणि धंद्याची वेळ

राजे, लढाया आणि तह टाकून आम्ही आज पाणी तापविण्याच्या साधनांकडे वळलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु लॉज, खाणावळ, केशकर्तनालय किंवा प्रसूतिगृह चालविणारी काही मंडळी या सभेत असणारच. कोणता बंब घ्यावा, हा त्यांचा नित्याचा प्रश्न. आमच्या मते या प्रश्नाचा निकाल जळणाच्या भावावर जितका लागतो, तितकाच पाणी कोणत्या वेळी हवे यावरही लागतो. आणि इतिहास तेच सांगतो.

व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो सार्वजनिक स्नानगृहे वर्णन करतो. भट्टीवर काशाची तीन भांडी : एक कढत पाण्याचे, दुसरे कोमट, तिसरे गार. कढत भांड्यातून जितके पाणी काढावे तितकेच कोमट पाणी त्यात उतरे, आणि कोमटात गार. गिऱ्हाईक दिवसभर येत राहिले तरी कढत पाण्यात एकदम गार पाण्याचा लोंढा पडत नसे. आमच्या घरच्या तांब्याच्या बंबात वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी येते, ती युक्तीही याच कुळातली म्हणायला हरकत नाही.

पुढची बरीच शतके ओलांडून आपण लंडनला येऊ. १८६८ साली तेथील रंगारी-सजावटकार बेंजामिन मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र काढले व आइसलंडमधील उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिले. नाव आपल्या न्हाणीघरापर्यंत आले. यंत्र मात्र घातक होते, कारण धूर बाहेर नेणारी नळीच त्यात नव्हती. पुढे १८८९ साली मूळचा नॉर्वेचा, पण पिट्सबर्गला स्थायिक झालेला एडविन रूड याने साठवणीचा स्वयंचलित बंब तयार केला. येथून दोन पंथ पडले : एक लागेल तेव्हा तापविणारा, दुसरा तापवून ठेवणारा.

धंदेवाल्याने यांतून निवड कशी करावी? थोडा हिशेब मांडू. वीस खोल्यांचे लॉज, चाळीस पाहुणे, प्रत्येकी वीस लिटरची बादली. म्हणजे ८०० लिटर. नळाचे पाणी २० अंश, आंघोळीचे ४५. यास २०,००० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेची सुमारे २३ युनिटे. ही आंघोळ पहाटे पाच ते सातच्या दरम्यान उरकायची आणि पाणी त्याच वेळी तापवायचे, तर सुमारे १२ किलोवॉटची जोडणी हवी. तेच पाणी रात्रभरात, आठ तासांत तापविले तर ३ किलोवॉटवर भागते. मात्र टाकीला चांगले वेष्टन हवे, नाही तर उष्णता हवेत जाते. उलट केशकर्तनालयात दिवसभर थोडेथोडे पाणी लागते. तेथे मोठी टाकी तापवून ठेवणे हा निव्वळ तोटा.

ही साठवणीची गोष्ट कॅलिफोर्नियात फार चांगली दिसते. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने १८९१ साली काळ्या रंगाच्या टाक्या काच लावलेल्या पेटीत ठेवून सूर्यावर पाणी तापविण्याचे पेटंट घेतले. त्याच्या ‘क्लायमॅक्स’ची किंमत २५ डॉलर्सपासून सुरू होई, आणि १९०० सालापर्यंत दक्षिण कॅलिफोर्नियात सुमारे १६०० बसले होते. पण टाकीच उन्हात असल्यामुळे ती रात्री उघड्यावर निवे, आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या हाती गार पाणी! विल्यम बेली याने १९०९ साली तापविणारी पेटी आणि साठविणारी टाकी वेगळी केली. टाकी वेष्टन घालून पेटीच्या वर ठेवली. गरम पाणी हलके म्हणून आपोआप वर चढे. यंत्राचे नावच त्याने ‘डे अँड नाइट’ ठेवले. १९१३ सालच्या कडाक्याच्या थंडीत नळ्या फुटल्या, तेव्हा त्याने त्यांत पाण्याबरोबर अल्कोहोल भरले व टाकीत वेटोळी नळी बसविली. आम्हास हा माणूस फार आवडतो. गिऱ्हाइकाची तक्रार त्याने कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली नाही.

मग तो हरला का? लॉस एंजेलिसच्या परिसरात १९२० च्या सुमारास नैसर्गिक वायूचे साठे सापडले, जळण स्वस्त झाले, आणि बेली स्वतः गॅसचे बंब विकू लागला. मायामीत सूर्यबंबांचे राज्य आणखी टिकले. १९४१ पर्यंत तेथील निम्म्याहून अधिक घरे उन्हाचे पाणी वापरीत. पुढे युद्धात तांबे मिळेनासे झाले, नंतर वीज स्वस्त झाली, आणि जुन्या टाक्या गंजून गळू लागल्या. कपडे धुण्याची यंत्रे आली तशी त्या टाक्या पुरेनाशाही झाल्या. सूर्य दुबळा ठरला असे म्हणणारांचे आम्हास पटत नाही. काही वर्षे जळण स्वस्त होते, एवढेच.

पुण्या-बंगळूरच्या लॉजांच्या गच्चीवर आज बेलीचीच रचना दिसते. पावसाळ्यासाठी त्या टाकीत विजेचा हीटर बसवितात. १८९८ साली लॉस एंजेलिसच्या फ्रँक वॉकरने ढगाळ दिवसांसाठी सूर्याची टाकी घरातल्या चुलीला जोडून दिली होती.