दिवाण : वही, माणूस आणि पलंग

वडसा-देसाईगंजच्या फर्निचरच्या दुकानात ‘दिवाण’ मागितला, तर खाली पेटी असलेला पलंग दाखवतात. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेव्हा मात्र दिवाण म्हणजे माणूस. जानोजींच्या काळातले देवाजीपंत चोरघडे त्यांपैकीच. मूळ फारसी शब्द वहीचा. खलिफा उमर यांच्या काळी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही म्हणजे दिवाण. पुढे ती ठेवायची कचेरी, कचेरीचा अधिकारी आणि सर्वांत शेवटी तिथली बैठक. (शायरांचा संग्रहही दिवाणच, म्हणजे पुन्हा वहीच.) १७६५ मध्ये कंपनीला मिळालेली बंगालची दिवाणी म्हणजे महसूलवसुलीचा हक्क. पलंग घेणाऱ्याला यातले काही आठवत नाही. पण बांधावरून भाऊबंदांत तंटा झाला, की त्यालाही ‘दिवाणी’ दावाच लावावा लागतो.