पंचनामा कुठल्या यंत्राचा? जोडलेल्या मेनफ्रेममधल्या डम्पची गोष्ट

मंडळी, डम्प म्हणजे पंचनामा. प्रोग्रॅम कोसळला की त्या क्षणी मेमरीत जे काही होतं ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. त्या परंपरेत हा डम्प कागदावर छापून यायचा आणि माणसं पेन्सिल घेऊन हेक्साडेसिमल आकडे वाचत बसायची. मुंबई-पुण्यात ज्यांनी वायटूकेची कामं केली, त्यांना नुसतं ‘एस झिरो सी सेव्हन’ म्हटलं तरी पुढचं सगळं आठवेल. आकड्याच्या जागी कचरा आला, एवढाच त्याचा अर्थ.

एकच यंत्र होतं तोवर हे ठीक होतं. पण १९९० मध्ये आयबीएमने सिसप्लेक्स आणलं, १९९४ मध्ये पॅरलल सिसप्लेक्स. आता ३२ पर्यंत सिस्टिम्स एकत्र जोडता येतात, एकाच डेटावर काम करतात. आणि इथेच पंचनाम्याची पंचाईत झाली.

कशी, ते बघा. ‘अ’ यंत्रावरचं काम अडकलं. तिथला डम्प काढला, तर त्यात काय दिसणार? काम लॉकची वाट बघतंय, बस. लॉक धरून बसलंय ‘ब’ यंत्रावरचं काम. ऑपरेटर ‘ब’वर जाऊन डम्पची कमांड देईपर्यंत तिथल्या ट्रेस टेबलमध्ये जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढलेल्या असतात. पुरावा गेला!

मग सगळ्याच यंत्रांचे डम्प एकदम काढावेत? रिमोट डम्पची सोय आली, तेव्हा ते शक्य झालं. पण डम्प फुकट नसतो. डिस्क भरते, आणि मेमरी टिपत असताना चालू कामं थोपवून धरावी लागू शकतात. एका यंत्राच्या दुखण्यासाठी बाकीच्यांना का थांबवायचं?

यावर जो उपाय निघाला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या यंत्रावर बिघाड झाला ते बाकीच्यांना हुकूम सोडत नाही, विचारतं. बिघाडाचं छोटं वर्णन, म्हणजे प्रॉब्डेस्क, इतर यंत्रांकडे जातं. तिथे ‘आयईएएसडम्प डॉट क्वेरी’ या ठिकाणी बसवलेलं एक्झिट रूटीन ते वाचतं आणि ठरवतं: या भानगडीत आपल्या यंत्राचा संबंध आहे का? असेल तर पुढे ‘गॅदर’च्या रूटीनला आणखी काय काय उतरवायचं ते सांगता येतं. ‘ग्लोबल’ आणि ‘सर्व्हर’ ही त्याच घरातली आणखी दोन ठिकाणं.

एक्झिट या शब्दाने फसू नका हं. इथे बाहेर पडायचं नसतं. सिस्टिम आपल्या कामात ठरलेल्या जागी थांबून तुमचा कोड बोलावते.

यात एक मोठी अदलाबदल झाली. पूर्वी पहाटे तीनला ऑपरेटर अंदाजाने जे ठरवायचा, ते आता प्रोग्रॅमर आधीच, शांतपणे, लिहून ठेवू लागला. मात्र त्याचं रूटीन चुकून ‘संबंध नाही’ म्हणालं, तर तो बिघाड पुन्हा होईपर्यंत हात चोळत बसायचं. शिवाय हे रूटीन सेटप्रोग कमांडने, यंत्र पुन्हा सुरू न करता बसवता येतं, पण कमांड जिथे दिली तिथेच लागू होते. बाकीच्या यंत्रांकडे ती राउट करून पाठवावी लागते.