पाण्यात म्हैस, बाहेर मोल

'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. म्हैस डोहात बसलेली असते. तिची शिंगे आणि नाकपुड्या तेवढ्या वर दिसतात. ती दुभती आहे की भाकड, पायांनी धड आहे की लंगडी, यांपैकी काहीच कळत नाही. आणि काठावर उभे राहून दोघेजण तिची किंमत ठरवीत असतात. म्हणीचा रोख अर्थातच घेणाऱ्याच्या भोळेपणावर आहे. परंतु व्यवहारात पक्के समजल्या जाणाऱ्या अमेरिकेत असा सौदा चांगली जाणती माणसे वारंवार करीत आली आहेत. त्यांची म्हैस म्हणजे डिझेल इंजिनाची भारी पिकअप गाडी. पूर्ण माहिती हाती येण्यापूर्वीच तिची मागणी नोंदविणाऱ्यांच्या पदरात काय पडले, त्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पिकअप म्हणजे पुढे माणसांना बसायला बंद खोली आणि मागे माल टाकायला उघडा हौदा असलेली गाडी. तिच्यातील भारी प्रकार तेथील शेतकरी, गुरे पाळणारे आणि बांधकामाचे कंत्राटदार वापरतात. घोडे, गवताच्या पेंढ्या, माती खणण्याची यंत्रे असा सारा बोजा मागच्या ट्रेलरवर घालून ही गाडी तो शेकडो मैल ओढीत नेते. आपल्याकडे बैलजोडीचे जे स्थान होते, तेच तिकडे या गाडीचे. ऐन सुगीत ती बंद पडली, तर त्या घराचे वर्षाचे गणित चुकते.

आता सौद्याची रीत पाहा. कारखाना नव्या गाडीची घोषणा करतो, चित्रे प्रसिद्ध होतात आणि विक्रेत्याची मागणीवही उघडते. पण अश्वशक्ती किती, चाक फिरविणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो किती, ओढण्याची मर्यादा किती, हे आकडे पुष्कळदा मागाहून येतात. कधी सरकारी धूर-चाचणी पुरी व्हावयाची असते. कधी प्रतिस्पर्ध्याने आपला आकडा पाहून त्याहून मोठा आकडा लावू नये, म्हणून कारखाना मूठ झाकून ठेवतो. गिऱ्हाईक मात्र थांबत नाही. जुनी गाडी थकलेली असते आणि मागणीवहीत ज्याचे नाव आधी, त्याला गाडी आधी, हे त्याला ठाऊक असते.

न कळलेल्या आकड्याने काय बिघडते, ते शाळेतल्या गणिताप्रमाणे मांडून पाहू. समजा, गाडी आणि तिच्यावरचा भार मिळून एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलो आहे. गाडीचे स्वतःचे वजन ७,५०० पौंड भरले, तर भारासाठी उरले २,५०० पौंड. हौद्यात टेकवून ओढावयाच्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा गाडीच्या पाठीवर येतो. ट्रेलर १२,००० पौंडांचा असेल, तर पाठीवर आले २,४००. उरले अवघे १००! गाडी हाकणाऱ्या माणसाचे वजनही त्यात बसत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड असते. म्हणजे ज्या इंजिनाच्या बळावर अधिक ओझे ओढावयाचे, तेच पाठीवरच्या भारातला हिस्सा खाऊन टाकते. असे असूनही तयार गाडीचे नक्की वजन मागणी नोंदविताना कळलेले नसते.

आता थोडे मागे जाऊ. डिझेल इंजिनाचा जन्मच मुळी अशा सौद्यातून झाला आहे. रुडॉल्फ डिझेल याला १८९३ साली जर्मनीत पेटंट मिळाले, तेव्हा त्याच्याजवळ चालते यंत्र नव्हते; होते ते एक पुस्तक आणि काही आकडेमोड. इंधनातील उष्णतेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक शक्ती कामी लावता येईल, असे त्याचे गणित सांगत होते. एवढ्यावर आउग्सबुर्गच्या यंत्र-कारखान्याने आणि क्रुप या पोलादाच्या पेढीने त्याच्याशी करार केले. पुढे १८९७ साली प्राध्यापक श्रोटर यांनी यंत्राची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा हा आकडा २६.२ टक्के निघाला. वचन सत्तरांचे आणि हाती सव्वीस! परंतु त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपुढे सव्वीस हाही चमत्कारच होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मद्य-कारखानदार अडॉल्फस बुश यांनी आपल्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कांना विकत घेतले. १८९८ साली केम्प्टन गावच्या आगपेट्यांच्या कारखान्यात पहिले विक्रीचे यंत्र बसले. या सुरुवातीच्या यंत्रांनी गिऱ्हाइकांना पुष्कळ छळले, तथापि आउग्सबुर्गच्या यंत्रज्ञांनी हात झटकले नाहीत. ते दोष काढीत बसले, आणि म्हणूनच डिझेल हे नाव आज जगाच्या तोंडी आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेत १९७८ साली घडली. १९७३ च्या तेलटंचाईने लोक धास्तावले होते आणि कमी इंधनात चालणाऱ्या डिझेलकडे सर्वांचे डोळे लागले होते. अशा वेळी जनरल मोटर्सने ५.७ लिटरचे ओल्ड्समोबिल डिझेल इंजिन बाजारात आणले. ते मोटारगाड्यांत आले, तसेच हलक्या पिकअप गाड्यांतही आले. १२० अश्वशक्ती हा आकडा पत्रकात स्पष्ट छापलेला होता. गिऱ्हाइकाला कळू नये असे वरवर काहीच नव्हते. परंतु हे इंजिन पेट्रोलच्या जुन्या इंजिनाच्या मापांवर बेतलेले होते. डिझेल इंजिनात हवा कितीतरी अधिक दाबली जाते. म्हणून त्याचा सांगाडा जाड केला होता, पण माथ्यावरचे सिलिंडर हेड आवळून धरणाऱ्या बोल्टांची मांडणी तीच जुनी ठेवली होती. दाबाने बोल्ट ताणले जात आणि गॅस्केट फुटून पाणी आत शिरे. शिवाय डिझेलमधून पाणी वेगळे काढणारी चाळणीही दिलेली नव्हती. मालक न्यायालयात गेले. १९८५ नंतर हे इंजिन बंद झाले. अशाच तक्रारींच्या काळात, १९८२ साली, कनेक्टिकट राज्याने सदोष नवी गाडी परत घ्यावयास लावणारा पहिला कायदा केला. फसव्या वस्तूला तिकडे 'लिंबू' म्हणतात, त्यावरून तो 'लिंबू कायदा' म्हणून ओळखला जातो. येथे पत्रक पुरे होते, आकडेही खरे होते. पण बोल्ट किती आहेत, हे विचारावे असे कोणाला सुचले नव्हते.

यानंतरचे उदाहरण १९८९ सालचे. डॉज कंपनीच्या पिकअपचा सांगाडा तोवर जुनाट झाला होता. तो १९७२ पासून चालत आलेला होता. त्यात कंपनीने कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसविले. इंडियाना राज्यातील कोलंबस गावी १९१९ साली निघालेली ही कमिन्स कंपनी आपल्यालाही परकी नाही. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या किर्लोस्करांच्या घराण्याने १९६२ साली तिच्याशीच भागी करून पुण्याच्या कोथरुडात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. असो. डॉजच्या या इंजिनाची अश्वशक्ती फक्त १६०. तेवढाच आकडा पाहणाऱ्याने नाक मुरडले असते. परंतु टॉर्क होता ४०० फूट-पौंड. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे इंजिन पिकअपसाठी नवीन असले, तरी शेतीच्या आणि खणकामाच्या यंत्रांत काही वर्षे राबलेले होते. शेतकऱ्याने ते दुसऱ्याच्या बांधावर चालताना ऐकले होते. कंपनीने अंदाज केला होता त्याहून कितीतरी अधिक मागण्या आल्या. येथे म्हैस पाण्यात होती खरी, पण तिची आई गावात सर्वांच्या ओळखीची होती.

फोर्डच्या गिऱ्हाइकांना दोन्ही अनुभव आले. या कंपनीच्या भारी पिकअपमध्ये नॅव्हिस्टार कंपनीने बनविलेले ७.३ लिटरचे डिझेल इंजिन बसे आणि लोक त्याच्यावर खूश होते. धुराचे नियम कडक झाल्याने २००३ च्या गाड्यांत त्याच्या जागी त्याच नॅव्हिस्टारचे ६ लिटरचे इंजिन आले. आकाराने लहान असूनही शक्ती अधिक, ३२५ अश्वशक्ती. जुन्या इंजिनाच्या पुण्याईवर लोकांनी नव्याच्या मागण्या नोंदविल्या. परंतु नवे इंजिन जुन्याचे धाकटे भावंड नव्हते. त्याची रचनाच निराळी होती. पुन्हा तीच सिलिंडर हेडची गॅस्केट, तेच ताणले जाणारे बोल्ट, आणि त्यांत धूर थंड करणाऱ्या नळ्यांची भर. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, यावरून २००७ साली फोर्डने नॅव्हिस्टारवर फिर्याद केली. २००९ साली तडजोड झाली. कारखान्यांचे भांडण असे मिटले; पण ज्याची गाडी दुरुस्तीखान्यात पडून राहिली, त्याचे बुडालेले दिवस कोणी भरून दिले नाहीत.

पुढे फोर्डने ६.७ लिटरचे इंजिन स्वतः बनविले. २०११ च्या गाड्यांसाठी जाहीर झालेला आकडा होता ३९० अश्वशक्ती आणि ७३५ फूट-पौंड. लगेच जनरल मोटर्सने ३९७ आणि ७६५ असे आकडे पुढे केले. ज्यांनी फोर्डची गाडी आधीच घेतली होती, त्यांना आपण घाई केली असे वाटले असल्यास नवल नाही. ऑगस्ट २०१० मध्ये फोर्डने आपला आकडा ४०० आणि ८०० वर नेला. आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकांनाही इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. पहिल्यांदा आलेल्याला शेवटी आलेल्याइतकेच मिळाले. बाजारात असे क्वचित घडते, म्हणून ते मुद्दाम सांगितले.

मग आकडे कळले की सारे कळले, असे समजावे काय? तसेही नाही. ओढण्याची मर्यादा वर्षानुवर्षे प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने काढीत असे. २००८ साली तिकडील अभियंत्यांच्या संस्थेने सर्वांना एकच कसोटी आखून दिली. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ, कडक ऊन, गाडीतील थंड हवेचे यंत्र चालू, आणि मागे पुरा बोजा, अशी ती कसोटी. टोयोटाने ती २०११ च्या गाडीला प्रथम लावली. इतरांनी पुढे हळूहळू स्वीकारली. इंधनाची गोष्ट तर याहून मौजेची. साध्या मोटारीवर गॅलनला किती मैल, याची सरकारी चिठ्ठी चिकटविलेली असते; पण एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांहून अधिक असलेल्या पिकअपला ती चिठ्ठी सक्तीची केलेली नाही. जो सर्वांत अधिक तेल जाळतो, त्याच गिऱ्हाइकाला तेलाचा आकडा मिळत नाही!

आणि काही गोष्टी तर कोणत्याच पत्रकात छापल्या जात नाहीत. ज्या कमिन्सचे कौतुक मी मघाशी केले, त्याच कंपनीवर अमेरिकन सरकारने धूर-नियंत्रण चुकविणारी योजना इंजिनाच्या संगणकात घातल्याचा आरोप ठेवला. २०१३ ते २०१९ या वर्षांच्या रॅम पिकअपांतील सुमारे सहा लाख तीस हजार इंजिने त्यात होती. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड देण्याचे मान्य केले. दोष मात्र कबूल केला नाही. चांगले कूळ पाहून घेतलेल्या म्हशीबद्दलही सावध राहावे लागते, ते यासाठी.

श्रोतेहो, या साऱ्यावरून आगाऊ मागणी नोंदविणारा मूर्ख असतो, असे मी म्हणणार नाही. कोणीतरी पहिला झाल्याशिवाय नवी वस्तू जगात येत नाही. आउग्सबुर्गचा कारखाना थांबला असता, तर डिझेलचे इंजिन कागदावरच राहिले असते. परंतु १९७८ चा गिऱ्हाईक आणि १९८९ चा गिऱ्हाईक यांच्यात फरक होता, तो हाती आलेल्या आकड्यांचा नव्हता. एकाने आकडा वाचला आणि तो निश्चिंत झाला. दुसऱ्याने हे यंत्र पूर्वी कोठे आणि कोणाकडे राबले, याची चौकशी केली. नव्या गाडीची अश्वशक्ती सहा महिन्यांनी का होईना, छापून येतेच. ती येईपर्यंत अनामत परत मिळण्याची अट लेखी घ्यावी, आपल्या ट्रेलरचे वजन काट्यावर करून आणावे, आणि बिघाड झाल्यास उत्तर कोण देणार, हे नावानिशी विचारून ठेवावे.

म्हैस पाण्यात असताना मोल करण्याची वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते. अशा वेळी म्हशीकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. विकणाऱ्याच्या गोठ्यात एक फेरी मारून यावी.