मंत्राची किंमत : भस्माची चिमूट आणि पत्त्यांतील जादू

मराठी समीक्षेने ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीकडे प्रामुख्याने श्रद्धेचा किंवा लोकसंस्कृतीचा दस्तऐवज म्हणून पाहिले; कथनरूप म्हणून तिचा विचार फारसा झाला नाही. तिच्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. संघर्ष उभा राहतो न राहतो तोच नाथ चिमूटभर भस्म फेकतो आणि प्रतिपक्षाचे भूत, वीर वा दैवत निष्प्रभ होते. चमत्कार इतका स्वस्त असेल तर कथेत ताण कोठून यावा? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. प्रस्तुत लेखकाला त्याचा फेरविचार करावासा वाटला तो एका अनपेक्षित निमित्ताने. भंडाऱ्यात एम. ए.च्या वर्गात ही पोथी शिकवत असताना एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या पत्त्यांच्या खेळातही असेच असते, फक्त तिथे मंत्राची किंमत पत्त्यावर छापलेली असते.”

तो खेळ म्हणजे रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’. त्यात दोन खेळाडू मांत्रिकाच्या भूमिकेत असतात आणि प्रत्येकाजवळ आयुष्याचे २० गुण असतात. भूमीचे पत्ते ‘माना’ नावाची शक्ती पुरवतात. एका पाळीत सामान्यतः एकच भूमी मांडता येते. त्यामुळे मोठा प्राणी बोलावण्यासाठी कित्येक पाळ्या थांबावे लागते. ‘शिवन ड्रॅगन’ या प्राण्याला ६ माना लागतात. तो अवतरताच प्रतिपक्ष १ माना खर्चून ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ हा पत्ता टाकतो आणि ड्रॅगन खेळाबाहेर जातो. तलवारींचे नांगर करण्याची ही प्रतिमा बायबलातील यशयाच्या ग्रंथातील आहे. शत्रूला येथे ठार केले जात नाही, जणू शेतीला लावले जाते. सहाला एक हा व्यवहार स्वस्त खराच, पण फुकट नव्हे. ड्रॅगनचे बळ ५, म्हणून तो बाळगणाऱ्या खेळाडूला आयुष्याचे ५ गुण मिळतात. शिवाय मंत्राचा पत्ता हातातून जातो. पुढे याहून घातक प्राणी आला तर तो जवळ नसतो. स्वस्त मंत्र आत्ता वापरावा की राखून ठेवावा, या निर्णयातून खेळातला ताण निर्माण होतो. प्राण्याच्या आकाराशी त्याचा संबंध तुलनेने कमी.

‘माना’ हा शब्द मुळात प्रशांत महासागरातील बेटांवरचा. कॉड्रिंग्टनने मेलनेशियन लोकांवरील आपल्या १८९१ च्या ग्रंथात त्याची चर्चा केली. मोस आणि उबेर यांनी जादूच्या उपपत्तीत त्याला मध्यवर्ती स्थान दिले. आणि लेवी-स्ट्रॉसने १९५० मध्ये त्याला कोणताही अर्थ धारण करू शकणारा, स्वतः मात्र रिक्त असा चिन्हक मानले. खेळाने या रिक्त चिन्हकाचे मोजता येईल असे चलन केले. मंत्राच्या वाङ्मयात एरवी झाकलेली राहणारी किंमत येथे पत्त्याच्या कोपऱ्यात उघडपणे मांडलेली असते. ही दृष्टी घेऊन पोथीकडे परतले की वेगळाच हिशेब दिसू लागतो.

धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये, ही ४० अध्यायांची पोथी पूर्ण केली. तिच्यात मंत्राची किंमत दोन ठिकाणी नोंदलेली आहे. पहिली नोंद प्रयोगापूर्वीची. शाबरी विद्या रचल्यावर ती आपोआप फळत नाही. सप्तशृंगीच्या अंबेच्या सांगण्यावरून मच्छिंद्रनाथाला नागवृक्षाजवळ जाऊन दैवतांना प्रसन्न करून घ्यावे लागते, तेव्हा कोठे ती त्या मंत्रांना बांधली जातात. म्हणजे युद्धात फेकलेली चिमूट स्वस्त वाटते, कारण तिचे मोल आगाऊ चुकते झालेले असते. दुसरी नोंद प्रयोगानंतरची. सेतुबंधाजवळ मारुती पर्वत उचलून फेकू लागतो तेव्हा मच्छिंद्र वाताकर्षणाचा मंत्र जपून पाणी शिंपडतो आणि मारुती डोक्यावर पर्वत घेऊन जागच्या जागी थिजतो. वायूच्या विनवणीवरून त्याची सुटका होते. येथे कथा संपती तर आक्षेप मान्य करावा लागला असता. परंतु हरलेला मारुतीच मग जिंकलेल्या नाथाकडून स्त्रीराज्यात जाण्याचे वचन घेतो. आणि पुढे तेथे गुंतलेल्या गुरूला सोडवण्यासाठी गोरक्षाला जावे लागते. थेंबभर पाण्याने मिळवलेल्या विजयाचे ऋण शिष्याच्या पिढीपर्यंत पोहोचते. प्रतिस्पर्ध्याच्या पदरी काहीतरी पडल्याशिवाय त्याला निष्प्रभ करता येत नाही, हा नियम पत्त्यावर आहे, तसा पोथीतही आहे.

गोरक्ष आणि कानिफ यांच्या भेटीचा प्रसंगही याच दृष्टीने वाचावा. कानिफ मंत्राने झाडावरचे आंबे खाली उतरवतो. ते पुन्हा डहाळीला चिकटवण्याची गोष्ट निघताच मात्र खरा पेच पडतो. तोडण्याचा मंत्र स्वस्त असतो, जोडण्याचा महाग. पोथीला हे भान आहे. ते तिच्या समीक्षकांना असायला हवे होते.

हा प्रश्न केवळ रूपबंधाचा नाही. वैनगंगेकाठचे आंभोरे हे मुकुंदराज आणि त्यांच्या नाथगुरूंच्या नावाशी जोडले गेलेले स्थान; ज्ञानाची नाथपरंपरा या परिसराने मिरवली आणि मंत्राचीही जपली. रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावला की मांत्रिकाकडे धाव घेतली जाई, हे लेखकाच्या लहानपणीचे चित्र. तो मांत्रिक पैसा घेत नसे. घेतला तर मंत्र जातो अशी समजूत होती. मंत्र येथे स्वस्तही नव्हता, अगदी फुकट होता. बरेचसे साप बिनविषारी असल्याने आणि विषारी सापही दर वेळी विष सोडत नसल्याने त्याचा प्रत्ययही येई. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांनी विष सोडले असेल, तर प्रतिविषाला झालेल्या उशिराच्या रूपाने त्या फुकट मंत्राची किंमत दंश झालेला माणूस चुकवी. सर्प वा विंचूदंशाच्या रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते यासाठीच.

असा कायदा झाल्यावर पोथी अभ्यासातून बाजूला ठेवावी असे काहींना वाटेल. लेखकाचे मत नेमके उलट आहे. पोथी बारकाईने वाचणाऱ्याला फुकट मंत्र तिच्यात कोठेही सापडत नाही. मांत्रिकाने पोथीतली चिमूट उचलली आणि तिच्या आगचेमागचे अध्याय सोडून दिले. समीक्षेनेही चमत्कार तेवढा पाहिला आणि हिशेब वगळला. दोघांची चूक एकाच जातीची आहे. पत्ते खेळणारा आमचा विद्यार्थी मात्र पत्त्याचा कोपरा आधी वाचतो. पोथी वाचताना हीच सवय कामी येईल, असे वाटते.