प्लेटलेट्स कमी, लघवी कमी : एका आजाराच्या उलगड्याची शंभर वर्षे

पावसाळा लागला की दवाखान्यात प्लेटलेट्सच्या आकड्याची धास्ती सुरू होते. रिपोर्टवर ४०,००० दिसले की घरचे लोक डेंग्यूच धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. पण क्वचित एखाद्या रुग्णाच्या प्लेटलेट्स कमी, हिमोग्लोबिन भराभर उतरलेले आणि लघवीही कमी झालेली, असे तिन्ही एकदम दिसते. मग मनात शंकेची पाल चुकचुकते. हा हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे एचयूएस, किंवा त्याचा भाऊबंद टीटीपी तर नाही ना?

या दोघांची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली सुरू होते. डॉ. एली मोशकोविट्झ यांनी सोळा वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली. आधी ठणठणीत असलेल्या या मुलीला ताप आला, ती पांढरीफटक पडली, पुढे एका बाजूची ताकद गेली आणि काही दिवसांत ती दगावली. शवविच्छेदनात तिच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये सगळीकडे गुठळ्या सापडल्या. रक्तात एखादे जबरदस्त विष असावे, असा त्यांचा तर्क होता. त्या काळी त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शकाशिवाय फारसे काही नव्हते, हे लक्षात घेतले तर हा तर्क मला फार मोठा वाटतो.

आत नेमके काय घडते ते समजून घ्या. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात. त्या गुठळ्यांत प्लेटलेट्स खर्ची पडतात, म्हणून त्यांचा आकडा घसरतो. अशा अडलेल्या वाटेतून जाताना लाल पेशी अक्षरशः फाटतात. स्लाइडवर त्यांचे शिरस्त्राणासारखे तुकडे दिसतात. आणि किडनी म्हणजे तर अशा बारीक वाहिन्यांच्या लाखो गुंडाळ्या. त्या तुंबल्या की लघवी कमी होते, क्रिएटिनिन वाढते. म्हणूनच अशा वेळी प्लेटलेट्स चढवण्याची घाई डॉक्टर सहसा करत नाहीत. मोठा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. एरवी गुठळ्यांना आणखी माल मिळण्याची भीती असते.

एचयूएस हे नाव १९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉ. गॅसर यांनी दिले. त्यांनी पाच मुलांची वर्णने लिहिली. कारण मात्र आणखी जवळपास तीस वर्षे सापडले नाही. १९८३ मध्ये टोरांटोच्या करमाली आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या शौचात एक विशिष्ट ई. कोलाय जंतू शोधला. त्याचे विष हे आव रक्ताच्या जंतूच्या विषाचे सख्खे नातेवाईक निघाले. तो आव रक्ताचा जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ मध्येच ओळखला होता. आपल्या उपखंडात पूर्वी मुलांना एचयूएस व्हायचा तो बहुधा या शिगेला जंतूच्या रक्ती हगवणीनंतर.

ई. कोलायचा हा प्रकार किती उग्र होऊ शकतो, ते २०११ साली जर्मनीत दिसले. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांना एचयूएस झाला, ५० हून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी बोट गेले मोड आलेल्या मेथीकडे. आपण मोड आलेल्या मेथीची उसळ शिजवून खातो. तिकडे मोड कच्चेच सॅलडवर पडतात. जंतूला ओलसर, कोमट मोड फार मानवतात. (कच्चे मोड खाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) आणि रक्ती हगवण झाली तर अँटिबायोटिक मनाने घेऊ नका; यातल्या काही जंतूंच्या बाबतीत त्यामुळे विष जास्त सुटू शकते.

पण काही रुग्णांना हगवण होतच नाही. तो अ‍ॅटिपिकल एचयूएस. आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची एक साखळी असते, तिला कॉम्प्लिमेंट म्हणतात, आणि तिला आवर घालणारा ब्रेक म्हणजे फॅक्टर एच. हा ब्रेक नादुरुस्त असला की साखळी स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर घसरते, हे १९९८ मध्ये न्यूकॅसलच्या गटाने जनुकांतून दाखवले. साखळी मध्येच अडवणारे एकुलिझुमॅब हे औषध २०११ मध्ये या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झाले. औषध गुणकारी, पण किंमत ऐकून बहुतेक कुटुंबांच्या पोटात गोळा येतो.

मोशकोविट्झच्या मुलीचा आजार, म्हणजे टीटीपी, वेगळा निघाला. त्यात एक कात्री गायब असते. रक्तातील एका लांबलचक चिकट प्रथिनाचे तुकडे करणारे हे एन्झाइम. त्याला एडीएएमटीएस१३ म्हणतात. पण कात्री सापडण्याआधीच उपाय सापडला होता. रुग्णाचा प्लाझ्मा काढून निरोगी दात्याचा घालायचा. पूर्वी दहातील नऊ रुग्ण जात. १९९१ च्या कॅनडातील १०२ रुग्णांच्या चाचणीत प्लाझ्मा बदललेल्यांपैकी ७८ टक्के सहा महिन्यांनी हयात होते. नुसता प्लाझ्मा चढवलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. म्हणून संशय पक्का वाटला की कात्रीच्या तपासणीचा नमुना आधी काढून ठेवायचा आणि अहवालाची वाट न पाहता प्लाझ्मा बदलायला सुरुवात करायची.

आता आपल्याकडची गोष्ट. दिल्लीच्या एम्सच्या मुलांच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये नोंदवले, की भारतातील एचयूएसच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात फॅक्टर एचविरुद्ध अँटिबॉडी होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण खूपच कमी. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांचा ब्रेक जन्मतः बिघडलेला नसतो, त्याच्यावर हल्ला झालेला असतो. लवकर प्लाझ्मा बदलून, सोबत स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती शमवणारी औषधे दिली तर पुष्कळ किडन्या वाचतात, आणि ती औषधे आपल्याकडे सहज मिळतात. तुमच्या मुलाला एचयूएसचे निदान झाले असेल आणि महागड्या इंजेक्शनची गोष्ट निघाली असेल, तर या अँटिबॉडीची तपासणी झाली का, हे आधी विचारा. मूल बरे होऊन घरी आले तरी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी पुढची अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.