कशाभिका, जीवाणूंची

जीवाणूच्या पेशीतून निघणारा, पेशीला गती देणारा प्रथिनमय तंतू. शुक्रपेशीची शेपटी वळवळते. जीवाणूची कशाभिका मात्र मुळापासून गोल फिरते. हॉवर्ड बर्ग व रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये हे मत मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन व मेल्व्हिन सायमन यांनी कशाभिका काचेवर जखडून ठेवली, तेव्हा जीवाणूची पेशीच गरगर फिरताना दिसली.

रचना : कशाभिकेचे तंतू, आकडा आणि पेशीआवरणात रुतलेले चालकयंत्र असे तीन भाग असतात. मळसूत्री तंतू सु. २० नॅनोमीटर जाड असून फ्लॅजेलिन या प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनतो. तो पोकळ असतो; नवे रेणू आतून टोकापर्यंत जातात व तेथे जोडले जातात. त्यामुळे त्याची वाढ टोकाकडून होते. पटकीच्या जीवाणूला एका ध्रुवावर एकच कशाभिका असते, ई. कोलायला अंगभर अनेक असतात, तर लेप्टोस्पायरामध्ये त्या बाह्य आवरणाच्या आत दडलेल्या असतात.

गती व दिशा : पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रवाहावर यंत्र चालते, पटकीच्या जीवाणूत सोडियम आयन हे काम करतात. ई. कोलायच्या कशाभिका सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेतात. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना त्यांची जुडी बनते आणि पेशी सेकंदाला २०–३० मायक्रोमीटर वेगाने सरळ जाते. काही कशाभिका काट्यांच्या दिशेने फिरल्या की जुडी विस्कटते, पेशी जागीच कोलांटते व नव्या दिशेला लागते. ही दिशा यदृच्छ असते. तरीही पेशी अन्नाकडे सरकते, कारण काही क्षणांपूर्वीपेक्षा अन्नद्रव्य वाढलेले जाणवले, तर ती कोलांटणे लांबणीवर टाकते. यास रासायनिक अनुचलन म्हणतात.

पृष्ठभागावरील प्रसार : ओलसर पृष्ठभागावर प्रोटियस मिराबिलिसच्या पेशी कित्येक पट लांबतात, त्यांवर असंख्य कशाभिका उगवतात आणि या पेशी थव्याने पुढे सरकतात. आगेकूच व मुक्काम आलटूनपालटून होत असल्याने आगरवर समकेंद्री वलये उमटतात. मूत्रमार्गातील कॅथेटरवरही हा जीवाणू असाच पसरतो.

वैद्यकीय महत्त्व : शरीराची प्रतिकारयंत्रणा फ्लॅजेलिन ओळखते. टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीतील ‘एच’ प्रतिजन हा कशाभिकेचाच, तर ‘ओ’ प्रतिजन पेशीआवरणाचा असतो.